आयुष्यभराच्या निगेटिव्ह आणि एप्सन व्ही ६००

चित्रकार-छायाचित्रकार ज्योती भट्टांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून गावोगावची भित्तिचित्रं, गोंदणं, रांगोळ्या कॅमेऱ्यात धरल्या. शेणामातीच्या भिंतीवरचं चित्र पुढच्या सारवणापर्यंतच टिकतं; मग उरते ती निगेटिव्ह. असं काम केलेल्या छायाचित्रकाराकडे हजारो फ्रेम साठतात. त्यांची पाहता-शोधता येईल अशी सूची करायला एप्सन परफेक्शन व्ही ६०० हा फ्लॅटबेड (सपाट काचेचा) स्कॅनर उत्तम आहे. प्रदर्शनाच्या मोठ्या प्रिंटसाठी मात्र नाही.

खोक्यावरच्या ६४०० डीपीआयला (दर इंचातले ठिपके) भुलू नका. प्रत्यक्ष तपशील दीड हजाराच्या आसपासच मिळतो. म्हणजे ३५ मिमी फ्रेमवरून सात इंची प्रिंट खणखणीत येते, १२० या रुंद फिल्मच्या चौकोनी फ्रेमवरून अकरा इंची. ६४०० वर एका कृष्णधवल फ्रेमची १६ बिट टिफ फाइल ११० एमबीची होते, २४०० वर १५ एमबीची, आणि पदरात पडतं जवळपास सारखंच. २४०० पुरे.

होल्डरमध्ये, म्हणजे फिल्म धरणाऱ्या चौकटीत, ३५ मिमीच्या सहा-सहा फ्रेमच्या दोन पट्ट्या बसतात, चकचकीत बाजू खाली. खरी डोकेदुखी इथे आहे. होल्डरची उंची बदलता येत नाही आणि वर्षानुवर्षं गुंडाळलेली फिल्म मधे फुगते. मग कडा स्पष्ट, चेहरा धूसर. पट्ट्या निगेटिव्हच्या पाकिटांत घालून आठवडाभर जड पुस्तकांखाली दाबून ठेवा. थेट काचेवर ठेवल्या तर वलयं उमटतात. होल्डर फिल्मची कडही झाकतो, म्हणून रोल आणि फ्रेम क्रमांक आधीच वाचून फाइलच्या नावात घाला.

कृष्णधवल फिल्मला 'डिजिटल आइस' ही धूळ पुसण्याची सोय बंदच ठेवा. धूळ शोधायला ते इन्फ्रारेड वापरतं. फिल्ममधली चांदी ते किरण अडवते आणि चित्रातला तपशीलच धूळ समजून पुसला जातो. धुळीसाठी हातातला ब्लोअर बरा. चित्र कृत्रिमपणे धारदार करणाऱ्या 'अनशार्प मास्क'ची खूणही काढून टाका.

रात्री देवीपुढे घातलेल्या गोंधळाचे फोटो ही या स्कॅनरची कसोटी. दिवटीची ज्योत निगेटिव्हवर दाट काळी असते. तिथे हा स्कॅनर थकतो, नुसते दाणे दिसतात. अशा निवडक फ्रेम लाइटबॉक्सवर ठेवून मॅक्रो लेन्सने टिपाव्यात.

काचेवर ८×१० इंची काँटॅक्ट शीट (रोलमधल्या फ्रेमचे मूळ आकाराचे ठसे एकत्र असलेला कागद) आरामात मावते, फिरतीची वहीसुद्धा. दोन्हींना ३०० डीपीआय पुरतात. गाव, तारीख, संबळ वाजवणाऱ्याचं नाव बहुधा त्या वहीतच असतं. म्हणून वही आधी स्कॅन करा, निगेटिव्ह नंतर.