स्पीकरमधली घूंऽऽ घालवायची तर आयसोलेटर, ऑप्टिकल केबल की अर्थिंग?

आलापातली एखादी शांत जागा येते आणि स्पीकरमधून बारीक घूंऽऽ ऐकू येते. एकदा ती कानाला सापडली की सुटत नाही. आपली वीज 50 हर्ट्झची आहे. हार्मोनियमच्या भाषेत हा सूर पांढरी पाचपेक्षा किंचित चढा, अगदी खालच्या सप्तकातला. त्याच्या दुपटी-चौपटीही, म्हणजे 100 आणि 200 हर्ट्झ, सोबत येतात. त्यामुळे तो तंबोऱ्याशी जुळत नाही आणि लपतही नाही. त्यावर उपाय म्हणून दुकानात तीन-चार वस्तू पुढे केल्या जातात. त्यांतली कुठली कुणासाठी, हे ठरवायचं आहे.

पैसे काढण्याआधी अर्धा तास द्या. ॲम्प्लिफायरला जोडलेल्या सगळ्या केबल काढा, फक्त स्पीकर राहू द्या. घूं तशीच राहिली, आवाज कमी-जास्त केल्यावरही बदलली नाही, तर दोष ॲम्प्लिफायरच्या पोटात आहे. जुन्या सेटमध्ये बहुधा पॉवर सप्लायचे कपॅसिटर सुकलेले असतात आणि सूर 100 हर्ट्झचा असतो. मग खाली लिहिलेलं काहीही विकत घेऊ नका, सेट दुरुस्तीला न्या. केबल काढल्यावर शांतता झाली, तर एकेक केबल परत जोडत जा. जिच्याबरोबर घूं परत येते, तीच चोरवाट. टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्स जोडलेला असेल, तर त्याची मागची अँटेनाची जाड केबलही काढून बघा. माझ्या घरी तीच निघाली.

तिथे होतं काय, तर ॲम्प्लिफायरला थ्री-पिनमधून एक अर्थ मिळतो आणि इमारतीत फिरणाऱ्या केबलवाल्याच्या वायरीतून दुसरा. या दोन अर्थमध्ये थोडा व्होल्टेजचा फरक असतोच. मग आरसीए केबलच्या, म्हणजे यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या नेहमीच्या लाल-पांढऱ्या केबलच्या, बाहेरच्या जाळीतून बारीकसा प्रवाह वाहू लागतो, आणि गाण्याचा सिग्नलही त्याच जाळीतून परतत असतो. सीडी प्लेअरचा सिग्नल जास्तीत जास्त 2 व्होल्टच्या आसपास. त्यात एक मिलिव्होल्ट मिसळला, तरी रात्रीच्या शांत खोलीत तो ऐकू येतो.

आता आयसोलेटर. आरसीए केबलच्या मध्ये बसणारी ही छोटी डबी काही शे रुपयांत मिळते, पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज. आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. सिग्नल चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, जाळीचा धागा मात्र तुटतो. घूं त्या क्षणी बंद होते. पण स्वस्त डबीतलं लोखंड इतकं कमी असतं की मोठ्या आवाजात खर्जाचे सूर त्यात गुदमरतात. तबल्याचा बायाँ पोकळ वाटू लागतो, मृदंगाचं तर विचारूच नका. टीव्हीवरच्या बातम्या आणि मालिका यांना ती पुरेशी आहे. मुख्य संगीत ज्या वाटेने येतं, त्या वाटेवर मी ती ठेवणार नाही. ठेवलीच, तर ॲम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून हातभर लांब ठेवा, नाहीतर डबीच नवी घूं पकडते.

ऑप्टिकल केबलचं काम मुळातच वेगळं. तिच्यात तांबं नाही, प्रकाश जातो, म्हणून अर्थची साखळी बनतच नाही आणि खर्जाला धक्काही लागत नाही. बऱ्याच टीव्हींना हे भोक मागे असतं, आपण वापरत नाही एवढंच. ॲम्प्लिफायर जुना असेल, तर मध्ये एक छोटा डॅक, म्हणजे डिजिटल सिग्नलचा साधा ॲनालॉग सिग्नल करणारी डबी, घ्यावा लागतो. इथे एक चूक सगळे करतात. डॅकला वीज हवी म्हणून ते तो टीव्हीच्याच यूएसबीत खोचतात. म्हणजे ऑप्टिकलने तोडलेली साखळी यूएसबीच्या तांब्याने पुन्हा जोडली जाते. डॅकला वेगळा ॲडॅप्टर द्या. एचडीएमआयची एआरसी जोडणी (तीच केबल टीव्हीचा आवाज ॲम्प्लिफायरकडे परत पाठवते) सोयीची खरी, पण तिच्यातही तांबं आहे, घूं तिच्यातून येऊ शकते. टीव्ही आणि ॲम्प्लिफायर एवढाच प्रश्न असेल, तर मी डोळे मिटून ऑप्टिकल घेईन.

केबलवाल्याच्या वायरीवरच बसणारा गॅल्व्हॅनिक, म्हणजे तांब्याची सलग जोडणी तोडणारा, आयसोलेटरही मिळतो, आणि दोष तिथेच असेल तर तो सगळ्यात नेमका उपाय. मात्र छतावरच्या डिशला तो चालत नाही. डिशच्या डोक्याला याच वायरीतून 13 ते 18 व्होल्टची डीसी वीज जाते. आयसोलेटर तीही अडवतो आणि चित्रच बंद पडतं. डिशवाल्यांनी ऑप्टिकलकडेच जावं.

स्टॅबिलायझर आणि महागडे पॉवर कंडिशनर याच आजारावर विकले जातात, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. अर्थच्या साखळीवर त्यांचा काही उपयोग नाही. स्टॅबिलायझर व्होल्टेज सांभाळतो, बस. फिल्टर असलेला चांगला बोर्ड खरखर आणि टकटक कमी करू शकतो. पण पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमुळे चर्रर्र येत असेल, तर कपॅसिटरचा स्टेप रेग्युलेटर बसवणं त्याहून स्वस्त आणि खात्रीचं. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरच भणभण सुरू होत असेल, तर तो चौकोनी लहरीचा असणार. साइन वेव्हचा घेतलात की ती थांबते.

राहिली अर्थिंग, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोलाचा खर्च हाच. ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला उलटा हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर एकही डबी घेण्याआधी वायरमनला बोलवा. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ दोन्ही 230 च्या आसपास, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत, इतकं मल्टिमीटरने त्याच्याकडून बघून घ्या. जुन्या घरांत थ्री-पिन सॉकेटचं वरचं भोक नुसतं शोभेला असतं, कधी ते न्यूट्रललाच जोडून ठेवलेलं असतं. ते जिवावरचं आहे. तितकंच जिवावरचं म्हणजे प्लगची अर्थची पिन काढून टाकणं. त्याने घूं जाते म्हणून सर्रास सुचवलं जातं. पण आत एखादी फेजची तार सुटली, तर पत्र्यावर थेट 230 व्होल्ट येतात. कुणीही सांगितलं तरी हे करू नका.

काही वेळा एक पैसाही लागत नाही. सगळी यंत्रं वेगवेगळ्या बोर्डांवर असतील, तर ती एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणा. 6 अँपिअरच्या सॉकेटमधून जवळपास 1380 वॅट मिळतात, साध्या घरगुती सेटला ते भरपूर आहेत. दोन अर्थमधला फरक एवढ्यानेच बराच घटतो. लॅपटॉपमधून घूं येत असेल, तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. गेली, तर दोष चार्जरच्या वाटेचा. डॅक लावला असेल, तर त्याच्या आधी यूएसबी आयसोलेटर घ्या. 12 मेगाबिटचा साधाही दोन चॅनलच्या संगीताला पुरतो.

रेकॉर्ड प्लेअरला मात्र यातलं काहीही लावू नका. त्याच्या सुईचा सिग्नल जेमतेम पाच मिलिव्होल्ट, आणि फोनो स्टेज, म्हणजे हा सिग्नल मोठा करणारा ॲम्प्लिफायरचा भाग, खर्जाचे सूर आणखी वाढवते, म्हणून घूंही वाढते. तिथे आयसोलेटर घातला तर उरलंसुरलं बिघडतं. प्लेअरच्या मागून निघालेली बारीक हिरवी किंवा काळी तार ॲम्प्लिफायरच्या जीएनडी लिहिलेल्या स्क्रूला घट्ट आवळा, आणि प्लेअर ॲम्प्लिफायरपासून दूर सरकवा.

माझ्या घरी शेवटी बोर्ड एकच झाला, केबलवाल्याच्या वायरीवर आयसोलेटर बसला आणि टीव्ही ऑप्टिकलवर गेला. आधी घेतलेली डबी कपाटात आहे. ती मी शेजारच्या काकांना त्यांच्या साउंडबारसाठी देणार आहे, त्यांना ती पुरेल.