टेकडीसाठी हार्डटेल, तलावासाठी फुगवायची कयाक: पाच महिन्यांच्या वापरानंतर

आई-बाबांच्या घरामागे एक टेकडी आहे आणि टेकडी उतरलं की तलाव. लहानपणापासून दोन्ही रोज डोळ्यांसमोर होती, पण चालत जाऊन काठावर बसण्यापलीकडे आम्ही कधी काही केलं नव्हतं. या उन्हाळ्याच्या तोंडावर दादाने आणि मी मिळून दोन वस्तू घेतल्या. एक 29 इंची चाकांची हार्डटेल माउंटन बाइक, म्हणजे पुढे 120 मिमी दबणारा एअर फोर्क (पुढचं चाक धरणारा, हवेच्या दाबावर धक्के शोषणारा दुहेरी दांडा) आणि मागे सस्पेन्शन नाही. दुसरी दोन जणांची फुगवायची कयाक. दोन्ही माहेरीच ठेवल्या. पाच महिन्यांत बहुतेक शनिवार-रविवार आणि मधली तीन आठवड्यांची सलग सुट्टी, एवढा वापर झाला. चालवणारे मुख्यतः आम्ही चौघं: मी, दादा, वहिनी आणि अकरा वर्षांची पुतणी. कंपन्यांची नावं देत नाही, कारण खाली लिहिलंय ते या प्रकारच्या जवळजवळ कुठल्याही सायकलीला आणि कयाकला लागू आहे.

आधी सगळ्यात महत्त्वाचं. या वस्तू पडून राहिल्या नाहीत, कारण घरातून निघून पाण्यावर जायला गाडी काढावी लागली नाही. पहिले दोन आठवडे मात्र आम्ही कयाक गाडीत घालून नेत होतो. सामान चढवा, पलीकडून वळसा घालून जा, उतरवा, संध्याकाळी ओली कयाक पुन्हा डिकीत कोंबा. त्या दोन आठवड्यांत तीनदा "आज राहू दे" म्हणून बेत रद्द झाला. मग सायकलीमागे जोडायचा दोन चाकी ट्रेलर घेतला आणि चित्रच बदललं. कयाकची पिशवी 14 किलो; पंप, वल्ही आणि लाइफ जॅकेटं धरून सगळं विसेक किलो होतं. टेकडीच्या कडेने जाणाऱ्या कच्च्या रस्त्याने चार किलोमीटर ओढत नेलं की आपण काठावर. कडक सांगाड्याची चार मीटर लांब कयाक घेतली असती, तर पाण्यात ती नक्कीच सरस ठरली असती, पण ती आठवड्यातून एकदाही निघाली नसती असं मला आता खात्रीने वाटतं.

ट्रेलर घेणाऱ्यांनी एक गोष्ट आधी तपासा. माउंटन बाइकच्या मागच्या चाकाला हल्ली चाकातून आरपार जाणारा 12 मिमीचा दांडा, म्हणजे थ्रू-अ‍ॅक्सल असतो आणि ट्रेलरची कडी बसवायला त्याच्या जागी वेगळा, लांब अ‍ॅक्सल लागतो. 12 मिमी जाडी जुळली म्हणजे झालं असं आम्ही समजलो. पण त्याचे आटे 1.0, 1.5 किंवा 1.75 मिमी पिचचे, म्हणजे दोन आट्यांमधल्या तेवढ्या अंतराचे असतात. आमचा पहिला अ‍ॅक्सल दोन वेढे फिरून अडकला. तिथेच थांबलो हे बरं झालं; जोर लावला असता तर फ्रेममधले आटे गेले असते. पिचचा आकडा बहुधा जुन्या अ‍ॅक्सलवरच कोरलेला असतो.

ट्रेलर ओढताना चढावर फार काही वाटत नाही, खालचा गिअर टाकायचा आणि चालत राहायचं. उतारावर मात्र तो मागून ढकलतो. ब्रेक नेहमीपेक्षा लवकर आणि सरळ रेषेत असतानाच लावायचा, वळणात नाही. ओल्या मातीवर वळताना मागचं चाक बाजूला सरकण्याचा अनुभव मी एकदाच घेतला आणि तेवढा पुरला.

आता कयाक. हिला तीन कप्पे आहेत, दोन कडेच्या नळ्या आणि तळ. तळ ड्रॉप-स्टिच प्रकारचा आहे: वरचा आणि खालचा थर आतून हजारो धाग्यांनी जोडलेला असतो, त्यामुळे जास्त दाब भरला तरी तो गादीसारखा फुगत नाही, फळीसारखा सपाट राहतो. आमच्या कयाकला तळात 8 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) आणि कडेला 2.5 पीएसआय सांगितलंय. पहिल्यांदा आम्ही हाताने दाबून "झालं कडक" म्हणत निघालो आणि मध्यभागी बसल्यावर कयाक केळीच्या पानासारखी वाकली. तेव्हापासून गेज बघूनच भरतो. दोन्ही दिशांना हवा भरणारा हातपंप असेल तर दहा मिनिटांत काम होतं.

सगळ्यात मोठं नुकसान उन्हाने केलं. दुसऱ्या महिन्यात एका दुपारी कयाक काठावर उन्हात ठेवून आम्ही झाडाखाली पडलो. परत आलो तर कडेची नळी ढोलासारखी ताणलेली आणि व्हॉल्व्हजवळची शिवण एका जागी उचललेली. याचं गणित कळल्यावर सवयच बदलली, म्हणून सविस्तर लिहिते. गेजवर दिसतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब. बाहेरची हवा स्वतःच साधारण 14.7 पीएसआय दाब देते. म्हणजे गेजवर 2.5 असताना नळीतला खरा दाब 17.2 असतो. सकाळी 20 अंशांना भरलेली नळी उन्हात 50 अंशांपर्यंत तापली, तर हा खरा दाब दहा टक्क्यांनी वाढून 19 च्या आसपास जातो आणि गेजवर 2.5 च्या जागी 4.2 दिसतात. तळाचे 8 असेच वाढून सव्वादहा होतात, म्हणजे सव्वापटीच्या थोडं वर. कमी दाबाच्या कडेच्या नळीवर मात्र पावणेदोन पटीच्या जवळ ताण येतो. म्हणून धोका तळाला नसतो, नळ्यांना असतो. पाण्यात असताना खालून पाणी थंड ठेवतं, त्यामुळे उलट दाब थोडा उतरतो. आता आम्ही काठावर थोडी कमी हवा भरतो, पाण्यात पाच मिनिटं ठेवतो, मग पूर्ण करतो. आणि बाहेर काढली की आधी हवा सोडायची, मग बाकी सगळं.

शिवणीतली गळती शोधायला साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे आले तिथे खूण केली, कयाकसोबत आलेलं पीव्हीसीचं ठिगळ आणि गोंद वापरून चिकटवलं आणि पूर्ण एक दिवस वजनाखाली ठेवलं. तीन महिने झाले, हवा टिकून आहे.

वल्ह्याबद्दल थोडं. कयाकबरोबर 220 सेंटिमीटरची वल्ही आली होती. कडक, अरुंद कयाकला ती ठीक, पण फुगवायची कयाक रुंद असते. प्रत्येक फटक्याला हात नळीवर घासायचे आणि पाणी मांडीवर ओघळायचं. 240 सेंटिमीटरची घेतल्यावर त्रास संपला. कयाक ही मुळात इनुइट लोकांची बोट. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं चढवून ती बांधत, आणि मापं घ्यायची ती चालवणाऱ्याच्याच शरीरावरून. तयार संच विकत घेताना आपण नेमकं हेच विसरतो. पुतणीसाठी हलकं, बारीक दांड्याचं वल्हं वेगळं घेतलं, त्या दिवसापासून ती पाऊण तास न थकता वल्हवते. आणि वल्हवायचं ते दंडाने नाही, कमरेपासून धड वळवून. हे वहिनीला सगळ्यात लवकर जमलं, मला दीड महिना लागला.

तळाला लावायचा छोटा फिन, म्हणजे पाण्यात राहणारा उभा पंख, कधीही विसरू नका. तो नसेल तर प्रत्येक फटक्याला नाक डावी-उजवीकडे फिरतं आणि निम्मी ताकद दिशा सुधारण्यातच जाते.

दिवसाचा क्रम हा आमचा खरा शोध. सुरुवातीला सकाळी सायकल आणि दुपारी कयाक असं चालायचं, कारण ऊन वाढलं की पाण्यात जावंसं वाटतं. पण दिवस चढतो तशी जमीन तापते, हवा वर-खाली घुसळायला लागते आणि उंचावरचा जोरदार वारा खाली पाण्यापर्यंत उतरतो. फुगवायची कयाक पाण्यावर उंच तरंगते, त्यामुळे वारा तिला शिडासारखी धरतो. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. एकदा मी आणि पुतणी वाऱ्याबरोबर मजेत पलीकडे गेलो. जायला वीस मिनिटं लागली होती. यायला तासापेक्षा जास्त लागला, आणि शेवटी शेवटी ती गप्प झाली होती. ती भीती मला अजून आठवते. त्या दिवसापासून तीन नियम ठरले. पाणी सकाळी, सायकल संध्याकाळी. निघताना वाऱ्याच्या विरुद्ध जायचं, म्हणजे दमल्यावर परतताना वारा सोबत असतो. आणि लाटांच्या माथ्यावर तुरळक पांढरा फेस दिसायला लागला की काठ गाठायचा. वाऱ्याचा जोर पायऱ्यांनी मोजणाऱ्या बोफर्ट मापनात ही तिसरी पायरी आहे, ताशी 12 ते 19 किलोमीटर वारा. या कयाकला आणि आम्हाला तेवढा पुरे.

लाइफ जॅकेट न घालता कोणीही कयाकमध्ये बसत नाही, बाबाही नाही, जे उत्तम पोहतात. मोठ्यांची जॅकेटं 50 न्यूटनची आहेत. म्हणजे साधारण पाच किलोचा उचल, पोहता येणाऱ्यांना काठाजवळ आधार देण्यापुरता. बेशुद्ध माणसाला ती उताणं फिरवतील याची खात्री नसते. त्यासाठी 100 न्यूटन आणि त्यावरची जॅकेटं असतात, म्हणून पुतणीचं तसं घेतलं. मुलांचं जॅकेट वजनाच्या गटावरून निवडायचं आणि पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच घ्यायचं, नाहीतर पाण्यात ते डोक्यावरून वर सरकतं. आम्ही एक पूर्ण सकाळ काठाजवळ मुद्दाम पाण्यात पडून परत चढायचा सराव केला. युक्ती अशी की पाय खाली लटकू न देता जोरात मारत शरीर पाण्यावर आडवं करायचं आणि मग पोटावर आत सरकायचं. सरळ उभं राहून स्वतःला वर ओढायला गेलं तर पाय कयाकच्या खाली जातात आणि दम संपतो.

सायकलीबद्दल तक्रारी कमी आहेत, त्यामुळे लिहिण्यासारखंही कमी आहे. टायर ट्यूबसह आले होते. दगडांवर पकड मिळावी म्हणून मी हवा कमी करत गेले, तर तीन आठवड्यांत दोनदा रिम आणि दगडात ट्यूब चिमटून शेजारीशेजारी दोन छिद्रं पडली. मग ट्यूबलेस केले. 2.4 इंची टायरमध्ये माझ्या वजनाला पुढे 21 आणि मागे 24 पीएसआय छान बसतात, आणि तेव्हापासून एकही पंक्चर नाही. मात्र आतलं सीलंट, म्हणजे छिद्र बुजवणारा द्रव, उन्हाळ्यात लवकर वाळतं. तीन महिन्यांनी व्हॉल्व्ह उघडून पाहिलं तर जवळजवळ कोरडं होतं.

फोर्कची हवा विकत घेतल्यावर जशी होती तशीच ठेवून मी महिनाभर हात दुखवून घेतले. सायकलीवर नेहमीच्या सामानासह बसल्यावर फोर्क जास्तीत जास्त जेवढा दबू शकतो त्याच्या 20 ते 25 टक्के दबायला हवा, म्हणजे 120 मिमीला 24 ते 30 मिमी. माझा 12 मिमीच दबत होता. शॉक पंपाने हवा कमी केली आणि तीच पायवाट वेगळी वाटायला लागली. दादाचं वजन माझ्यापेक्षा वीस किलो जास्त, त्यामुळे दोघांचे आकडे फोर्कच्या पायावर चिकटपट्टीवर लिहून ठेवलेत.

हायड्रॉलिक डिस्क ब्रेकचं खूप कौतुक वाटतं. माउंटन बाइकिंगच्या सुरुवातीच्या शर्यती 1976 मध्ये कॅलिफोर्नियात टॅमलपाइस डोंगराजवळच्या एका उतारावर झाल्या, त्या जुन्या जाड टायरच्या सायकलींवर. त्यांना पेडल उलटं दाबून लागणारा हबमधला ब्रेक असे. एका उतरणीत हब इतका तापे की आतलं ग्रीस जळून जाई आणि खाली पोचल्यावर ते नव्याने भरावं लागे, म्हणून त्या उताराला रीपॅक हेच नाव पडलं. आज मी ट्रेलर लावून दोन बोटांनी ब्रेक धरत उतरते. पण हे ब्रेक तेलाला अजिबात चालत नाहीत. चेनला स्प्रेने तेल मारताना त्याचे तुषार डिस्कवर गेले आणि पुढच्या उतारावर ब्रेकने किंचाळत नुसतं घसरायला सुरुवात केली. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून चालली, पॅड मात्र टाकावे लागले. नवे पॅड बसवल्यावर सपाटीवर वीसेक वेळा वेग घेऊन, चाक न अडकवता थांबवून ते बसू दिले. आता तेल थेंबाच्या बाटलीनेच, एकेका कडीवर, आणि जास्तीचं कापडाने पुसून.

चेन गेजने मोजली तर 0.5 टक्के लांबली आहे. तलावाकाठची बारीक वाळू चेनला चिकटते हे त्यामागचं कारण असावं. 12 गिअरच्या चेनला हाच बदलण्याचा टप्पा धरतात. आणखी चालवली तर मागच्या गिअरचे दातही झिजतात आणि ते चेनपेक्षा कितीतरी महाग.

सकाळी दोन तास वल्हवून संध्याकाळी सायकल काढली की पंजे आणि मनगटं बोलायला लागतात. वल्हं घट्ट न धरता वरच्या हाताची बोटं सैल सोडायची आणि ब्रेकचे लिव्हर थोडे खाली फिरवून मनगट सरळ ठेवायचं, एवढ्याने माझा त्रास निम्मा झाला. पूर्ण गेलेला नाही.

ही जोडी शांत पाणी आणि साध्या पायवाटा असलेल्यांसाठी आहे. वाहत्या नदीत किंवा समुद्रात मी ही कयाक नेणार नाही, आणि मोठ्या उड्या मारायच्या असतील तर हार्डटेल घेऊ नका. पुन्हा घ्यायची वेळ आली तर कयाक अशीच घेईन, वल्ही मात्र सुरुवातीलाच वेगळी घेईन आणि ट्रेलर पहिल्याच दिवशी.

सध्या कयाक पूर्ण वाळवून, सैल घडी घालून बाबांच्या खोलीत सावलीत ठेवली आहे. ओलसर घडी घातली तर बुरशी धरते आणि घट्ट घडीच्या रेघांवर पीव्हीसी कमकुवत होतं. फोर्कचे 50 तास भरत आलेत, त्याच्या खालच्या पायांची सर्व्हिस आणि नवी चेन एकदमच करून घेणार आहे. पुतणीचं वजन जॅकेटच्या गटाच्या वर गेलंय. परवा ती नव्या जॅकेटचा पट्टा स्वतःच ओढून बघत होती.