शिकारीचे कपडे: लोकर की पॉलिस्टर?

दबा धरून तासन्‌तास बसायचं असेल तर माझ्या मते लोकरीला तोड नाही. स्वतःच्या वजनाच्या जवळपास 30 टक्के ओलावा ती शोषते, तरी अंगाला ओलसर लागत नाही. शिवाय ती गप्प असते. काटेरी फांदी बाहीवरून घासली तरी आवाज जवळजवळ होतच नाही. पॉलिस्टरच्या कडक जलरोधक जॅकेटवर तीच फांदी खरखरते आणि हरणाचे कान टवकारतात. (फ्लीस हे मऊ, लवदार कापड पॉलिस्टरचंच, तरी शांत, पण वारा त्यातून आरपार जातो.) शेकोटीची ठिणगी उडाली तर पॉलिस्टर वितळून भोक पडतं, लोकर नुसती करपते.

चढणीवर मात्र पॉलिस्टरच. ते हलकं असतं, 1 टक्क्याहूनही कमी ओलावा शोषतं, म्हणून झटपट वाळतं. जाड लोकर चिंब भिजली की सुकायला रात्र पुरत नाही. टिकाऊपणातही पातळ मेरिनो (मेरिनो मेंढीची तलम लोकर) मार खाते: कोपरांवर, पाठपिशवीच्या पट्ट्यांखाली लवकर विरते, वर कसर लागण्याची भीती.

हवा पालटती असेल तर मी अंगालगत पातळ लोकर घालतो, त्यावर फ्लीस. जलरोधक जॅकेट पिशवीत. पाऊस सुरू झाल्यावरच बाहेर काढतो.