यादीत दीडशे विषय, हातात पाच: जर्मनीतल्या एक्स्चेंज सेमिस्टरचा अनुभव

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना, कॉलेजचा करार असलेल्या एका जर्मन विद्यापीठात मी सातवं सेमिस्टर केलं. हिवाळी सत्र, ऑक्टोबर ते मार्च. परत येऊन पाच महिने झाले. ट्रान्सक्रिप्ट आली, क्रेडिट ट्रान्सफरचं भिजत घोंगडं एकदाचं निघालं, डिग्री हातात आली, म्हणून आता लिहायला बसले. तिथे असताना लिहिलं असतं तर सगळं गुलाबी लिहिलं असतं, आणि आल्याआल्या लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या.

हे शहराबद्दल, हॉस्टेलबद्दल किंवा फिरण्याबद्दल नाही. एक्स्चेंजवर गेलेल्याला तिथे कोणते कोर्स खरोखर मिळतात आणि परत आल्यावर त्यांचं काय होतं, एवढंच. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. दीड कुठे कापला ते येईलच.

जाण्यापूर्वी विद्यापीठाच्या साइटवर कोर्सची यादी पाहिली तेव्हा हरखून गेले होते. आपल्या शाखेचेच जवळपास दीडशे विषय! आपल्याकडे इलेक्टिव्ह म्हणजे चारातला एक, तोही ज्याला शिकवायला सर मोकळे असतील तो. त्यामुळे मी लग्नाच्या खरेदीला निघाल्यासारखे विषय निवडले. मशीन लर्निंग, डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स, एम्बेडेड सिस्टिम्स, डेटाबेस आणि एक लॅब. सगळे सहा-सहा क्रेडिटचे, बेरीज बरोब्बर तीस. लर्निंग अॅग्रीमेंटवर, म्हणजे तिथे कोणते विषय करणार हे लिहिलेल्या करारावर, माझी, आमच्या विभागप्रमुखांची आणि तिकडच्या समन्वयकांची अशा तीन सह्या झाल्या आणि मला वाटलं, झालं काम.

त्या पाचांतले दोनच शेवटपर्यंत टिकले.

डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स फक्त उन्हाळी सत्रात असतो. ते लिहिलेलं होतं, लपवलेलं नव्हतं. मोडूलहांडबुख म्हणून एक जाडजूड दस्तऐवज असतो, प्रत्येक विषयाची कुंडलीच म्हणा ना. त्यात ‘किती वेळा’ या रकान्यात ‘दर उन्हाळी सत्र’ असं स्पष्ट होतं. मी फक्त नाव आणि सिलॅबस वाचला होता. एम्बेडेडचं दुखणं वेगळं. विषयाचं नाव इंग्रजीत, माहिती इंग्रजीत, आणि पहिल्या लेक्चरला सर जे जर्मनमध्ये सुरू झाले ते थांबलेच नाहीत. पुन्हा तोच दस्तऐवज, आणखी एक रकाना: शिकवण्याची भाषा, जर्मन. माहितीचं भाषांतर केलेलं असतं, तासाचं नसतं. लॅबच्या जागा तर जुलैतच वाटून झाल्या होत्या, म्हणजे मी इथे सहाव्या सेमच्या निकालाची वाट बघत होते तेव्हा.

म्हणून पहिला सल्ला हाच. सिलॅबस सगळ्यात शेवटी वाचा. आधी तीन रकाने बघा: कोणत्या सत्रात, कोणत्या भाषेत, आणि परीक्षा कशी. पहिल्या दोन चाळण्यांतून माझ्या दीडशेचे पस्तीसच उरले. त्यातलेही बरेच मास्टर्सचे होते आणि त्यांना आधीचे विषय झालेले लागतात. तिसऱ्या रकान्याचं महत्त्व मला फेब्रुवारीत कळलं.

सुदैवाने लर्निंग अॅग्रीमेंट बदलता येतं, सत्राच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांत. मी बदललं. मशीन लर्निंग आणि डेटाबेस राहिले. सेमिनारची एक जागा कोणीतरी सोडली होती, प्राध्यापकांना मेल करून ती मिळवली, चार क्रेडिट. भाषा केंद्राचा जर्मनचा वर्ग, चार क्रेडिट. आणि तत्त्वज्ञान विभागातला तंत्रज्ञानाच्या नीतिशास्त्रावरचा एक कोर्स, पाच क्रेडिट. हा शेवटचा निव्वळ बेरीज वाढवायला घेतला होता. एकूण पंचवीस झाले, तीस नाही. समन्वयक बाई म्हणाल्या, एक्स्चेंजवाल्यांना पंचवीस पुष्कळ झाले. त्यांचं बरोबर होतं.

क्रेडिटचा हिशेब आपल्याला पटकन समजत नाही, म्हणून थोडं थांबून सांगते. तिकडचं क्रेडिट म्हणजे ईसीटीएस, युरोपातली क्रेडिट मोजण्याची सामाईक पद्धत. विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या इरॅस्मस योजनेत १९८९ साली सुरू झालेली ही पद्धत, युरोपातल्या उच्च शिक्षणाची रचना एकसारखी करायला निघालेल्या १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर युरोपभर रुजली. वर्षाला ६०, सेमिस्टरला ३०. एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम, आणि मेख त्या ‘काम’ शब्दात आहे. आपलं क्रेडिट वर्गात बसण्यावर मोजतात, त्यांचं एकूण मेहनतीवर. सहा क्रेडिटचा विषय म्हणजे १८० तासांपर्यंत. वर्गात किती? आठवड्याला चार तासिका, तासिका ४५ मिनिटांची, सत्र साधारण १५ आठवड्यांचं, म्हणजे ४५ तास. उरलेले १३५ तास तुम्ही आणि तुमची खुर्ची. मी पहिला महिना ‘किती कमी लेक्चर्स आहेत गं!’ असं घरी फोनवर सांगत होते. हजेरी नाही, ७५ टक्क्यांची भानगड नाही, डिफॉल्टर लिस्ट नाही. नोव्हेंबरच्या मध्यावर अक्कल आली.

वेळेचं एक गंमतशीर. वेळापत्रकात १० ते १२ असेल आणि पुढे ‘सी. टी.’ असं लिहिलेलं असेल, तर तास सव्वादहाला सुरू होतो आणि पावणेबाराला संपतो. पहिल्या दिवशी दहाला पाच कमी असताना जाऊन रिकाम्या हॉलमध्ये बसले, वाटलं तास रद्द झाला. ‘एस. टी.’ लिहिलं असेल तर मात्र ठोक्याला. ही एसटी वेळेवर सुटते.

आता एकेका विषयाबद्दल.

मशीन लर्निंगला पैकीच्या पैकी. व्याख्यानाबरोबर ‘युबुंग’ असतं, म्हणजे सरावाचा तास. दर आठवड्याला प्रश्नांचं एक पत्रक, दोघा-तिघांच्या गटात सोडवून द्यायचं. सत्रभरात त्यातले निम्मे गुण मिळाले तरच परीक्षेला बसता येतं. आपल्या सबमिशनसारखं वाटेल, पण एक फरक आहे: जर्नल उतरवून चालतं, हे चालत नाही. सरावाच्या तासाला कोणालाही फळ्यापाशी उभं करतात. मी एकदा गटातल्या मुलाचं उत्तर आपलं म्हणून मांडायला गेले आणि दुसऱ्या ओळीलाच अडकले. शिकवणाऱ्या पीएचडीच्या मुलीने आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. ‘बरं, मग इथून आपण मिळून करू,’ म्हणाली. त्याने जास्त लाज वाटली. त्या पंधरा पत्रकांनी मला जेवढं गणित शिकवलं तेवढं आधीच्या तीन वर्षांत शिकले नव्हते, हे लिहायला संकोच वाटतो, पण खरं आहे.

डेटाबेस ठीक. आपल्याकडे झालेलाच विषय, थोडा खोल. जर्मनच्या वर्गाबद्दल एवढंच की सत्राआधी सप्टेंबरात सघन वर्ग असतो, जमत असेल तर तो घ्या. मला इथल्या इंटर्नल्समुळे जमला नाही.

सेमिनार म्हणजे काय ते आपल्याला माहीत असतं असं आपल्याला वाटतं. दहा स्लाइड, पाच मिनिटं, टाळ्या. तिथे एकच शोधनिबंध तीन महिने वाचायचा, त्यावर ४५ मिनिटं बोलायचं, मग बारा पानी अहवाल. माझं झाल्यावर सगळ्यांनी बाकांवर मुठी आपटायला सुरुवात केली. माझ्या पोटात गोळा आला. ती त्यांची टाळी आहे, हे शेजारच्याने सांगितलं.

आणि तो भरीला घेतलेला नीतिशास्त्राचा कोर्स. याला परीक्षा नव्हती, ‘हाउसआरबाइट’ होता, घरी बसून लिहायचा बारा-पंधरा पानांचा निबंध, मुदत ३१ मार्च. कर्ज द्यायचं की नाही हे यंत्राने ठरवलं आणि ते चुकलं, तर जबाबदार कोण, असा विषय घेतला. आराखडा नेऊन दाखवला. प्राध्यापकांनी पूर्ण वाचला आणि विचारलं, ‘यात तीन लेखक काय म्हणतात ते आहे. तुझं म्हणणं काय आहे?’ माझं म्हणणं! आमच्या प्रश्नपत्रिकेत ‘सुबक आकृतीसह स्पष्ट करा’ असतं, ‘तुला काय वाटतं’ कोणी विचारलेलं नसतं. तीनदा फाडून लिहिला. शेवटची चार पानं तर इथे परत आल्यावर, प्रोजेक्टच्या रिव्ह्यूच्या आदल्या रात्री. सोबत ‘हे माझंच लिखाण आहे’ असं सहीनिशी लिहून द्यावं लागतं. सही करताना, खरं सांगते, अभिमान वाटला.

आता कापलेला दीड गुण.

अर्धा गुण परीक्षेच्या नोंदणीसाठी. कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेलाही घातलं गेलं, असं समजू नका. परीक्षेची नोंदणी वेगळी, खिडकी ठरावीक दिवसांची, आणि ती बंद झाली की परीक्षा विभाग ऐकून घेत नाही. ‘सर, प्लीज’ला तिथे अर्थ नाही. डिसेंबरात गटातल्या मुलाने सहज विचारलं, ‘तू नोंदणी केलीस ना?’ दोन दिवस उरले होते. एक्स्चेंजवाल्यांच्या स्वागताच्या दिवशी बस, बँक, विमा सगळं सांगितलं, हे एक कोणी सांगितलं नाही.

अर्धा गुण कॅलेंडरसाठी, आणि यात दोष कोणा एकाचा नाही. तिकडची व्याख्यानं ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होऊन फेब्रुवारीत संपतात, मग परीक्षा. आपलं आठवं सेम जानेवारीत सुरू. माझे दोन महिने बुडाले, प्रोजेक्टच्या गटाने सांभाळून घेतलं म्हणून निभावलं. उन्हाळी सत्राला जाल तर तास एप्रिलच्या मध्यापासून जुलैपर्यंत, म्हणजे इथलं चालू सेम अर्ध्यावर सोडून जायचं आणि पुढचं उशिरा गाठायचं. आणि इथेच तो तिसरा रकाना कामी येतो. लेखी परीक्षा असेल तर तारखेपर्यंत तिथे थांबणं आलं. निबंध असेल तर परत येऊन लिहिता येतो. माझ्या दोन लेखी परीक्षांमध्ये तब्बल अठरा दिवसांचं अंतर होतं. त्या अठरा दिवसांत मी भाडं भरलं आणि छत बघितलं. निवडताना परीक्षेचा प्रकार पाहिला असता तर एक विषय बदलला असता.

उरलेला अर्धा आपल्याकडच्या बाजूसाठी. जर्मन गुणपद्धतीत १.० सर्वांत चांगला, ४.० काठावर पास, ५.० नापास. डेटाबेसमध्ये मला २.३ मिळाले, म्हणजे चांगले. ट्रान्सक्रिप्ट मे महिन्यात आली. इथल्या कार्यालयातल्या काकांनी कॅल्क्युलेटर काढला आणि म्हणाले, ‘पाचपैकी २.३, म्हणजे ४६ टक्के.’ मशीन लर्निंगचे १.३ तर २६ टक्के, थेट केटी! सांगून काही उपयोग होईना. शेवटी एका सिनियरने ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ नावाचा प्रकार दाखवला. ते मुळात परदेशी गुण जर्मन गुणांत बदलायला वापरतात: सर्वोच्च गुणातून आपला गुण वजा करायचा, त्याला सर्वोच्च आणि किमान उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं, एक मिळवायचा. ते उलटं चालवलं. आमच्याकडे सर्वोच्च १० आणि पास ४, तर २.३ चे झाले ७.४ आणि १.३ चे ९.४. विभागप्रमुखांच्या सहीने ते मान्य झालं, पण त्यात पाच आठवडे गेले. जाण्याआधीच रूपांतराचा तक्ता लेखी घ्या. तोंडी ‘बघू, करून देऊ’ यावर जाऊ नका.

मान्य काय झालं तेही सांगते. मशीन लर्निंग, डेटाबेस आणि सेमिनार यांचे क्रेडिट मिळाले, समतुल्य विषय इथल्या सिलॅबसमध्ये सापडले म्हणून. जर्मन आणि नीतिशास्त्र ‘ऑडिट’ म्हणून नोंदले गेले, शून्य क्रेडिट. ज्या निबंधावर सगळ्यात जास्त रक्त आटवलं त्याच्यासमोर आमच्या मार्कशीटवर एक आडवी रेघ आहे.

गेल्या आठवड्यात एका ज्युनियरने तिची यादी पाठवली. पुढच्या हिवाळी सत्राला चालली आहे. नऊ विषय, रंगीत तक्ता वगैरे करून, ‘ताई, एकदा बघशील का?’ मोडूलहांडबुख उघडून दोघी फोनवर बसलो. चार उन्हाळी सत्रातले निघाले, दोन जर्मनमधले. उरले तीन, त्यातल्या एकाच्या जागा भरलेल्या. ती हिरमुसली. मग मी तिला तत्त्वज्ञान विभागाचं पान उघडायला सांगितलं.