ब्रेकच्या डिस्क बदलल्या म्हणून ८,४५० घेतले आणि गाडीत माझ्याच जुन्या डिस्क

हे लिहायला दोन महिने उशीर झाला कारण आधी राग होता आणि नंतर लाज वाटायला लागली, की सख्ख्या मामाचं लेथचं (लोखंड फिरवून तासायच्या यंत्राचं) दुकान कोल्हापूरच्या उद्यमनगरात असताना आपण असले फसलो. पण परवा ऑफिसातल्या एकाला अगदी हेच डायलॉग ऐकवून डिस्क बदलायला लावल्यात असं कळलं, म्हटलं लाज गेली खड्ड्यात, लिहूनच टाकू.

गाडी २०१० ची, पेट्रोल, छोटी, ९२ हजार किलोमीटर झालेली. पुढं डिस्क ब्रेक, मागं ड्रम. जुलैत आठ-दहा दिवस गाडी बाहेर उभी होती, आपल्याकडचा पाऊस माहितीच आहे, एकदा लागला की पंचगंगेची पातळी किती फूट झाली ते विचारत घरात बसायचं. उघडीप मिळाल्यावर गाडी काढली तर पहिल्याच ब्रेकला खर्रर्र आवाज. चाकाच्या फटीतून बघितलं तर डिस्क लालभडक.

आता मला कळलंय ते असं की डिस्क असते बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, ब्रेक दाबला की पॅड जिथं घासतात तिथं रंग लावता येत नाही, त्यामुळं एका रात्रीच्या पावसात पण वर गंज धरतो आणि दहा-बारा ब्रेक मारले की पॅडच तो पुसून काढतात. बिंदू चौकापर्यंत जाऊन परत आलो असतो तर विषय संपला असता. पण मी गेलो गॅरेजला.

गॅरेजचं नाव लिहीत नाही. चकाचक आहे, बसायला सोफा, चहा आपोआप येतो. पोरानं चाक काढलं, मालक आले, डिस्कच्या बाहेरच्या कडेवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "दादा, हे बघा कड आलीया. डिस्क पाक गेल्यात. घाटात बिटात जाऊ नका, एखाद्या दिवशी फुटंल." फुटंल म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर सगळा गगनबावड्याचा घाट उभा राहिला. आता ती कड म्हणजे काय, तर पॅड डिस्कच्या अगदी शेवटपर्यंत घासत नाही, म्हणून बाहेरची बारीक रिंग जाड राहते आणि आतला भाग झिजत जातो. वापरलेल्या जवळजवळ प्रत्येक डिस्कला ती असते. किती झिजली हे मोजल्याशिवाय कळत नाही, नखाला तर अजिबात नाही. आणि जाडी मोजायचा व्हर्नियर त्यांच्याच मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता! मी बघितला पण, विचारलं मात्र नाही.

एवढं विचारलं की लेथवर फिरवून चालणार नाही का. तर म्हणाले, "छ्या, लय डेंजर असतंय ते. आमी तसली कामं करत न्हाई." हे वाक्य लक्षात ठेवा.

संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो. डिस्कची जोडी ५,२००, पॅड १,४५०, मजुरी १,२०० आणि कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सर्व्हिस ६००, सगळे मिळून ८,४५०. पावती कच्ची, वर नुसतं 'ब्रेक काम' लिहिलेलं, ना पार्ट नंबर ना जीएसटी. फरशीवर दोन गंजलेल्या डिस्क ठेवल्या होत्या, खोल चरे पडलेल्या, बघूनच भीती वाटावी अशा. "हे बघा तुमचं." मी मोबाईलवर फोटो काढला आणि बायकोला पाठवला, खाली लिहिलं 'वाचलो'. जुन्या घेऊन जाऊ का विचारलं तर म्हणाले राहू द्या, पोरांच्या चहाला होतील भंगारात. मला ते फार दिलदार वाटलं त्या वेळी.

पहिले काही दिवस ब्रेक मस्त लागला. पाचेक आठवड्यांनी एका रविवारी आईला घेऊन जोतिबाला गेलो. जाताना काही नाही. डोंगर उतरताना तिसऱ्या-चौथ्या वळणाला ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरायला लागलं, पेडल पायाला आतून ठोकल्यासारखं होत होतं, मग जळका वास आला आणि शेवटी पेडल नेहमीपेक्षा जास्त खाली जायला लागलं. आई मागं बसून "जोतिबाच्या नावानं चांगभलं" म्हणत होती, एरवी खुशीत म्हणते, त्या दिवशी आवाज वेगळाच होता. दुसरा गिअर टाकून, इंजिनच्या जोरावर गाडी धरत धरत, कपाळाला गुलाल आणि पाठीला घाम अशा अवस्थेत खाली आलो.

दुसऱ्या दिवशी मामाकडं. मामानं निम्मं आयुष्य फाउंड्रीत काढलंय, बिडाकडं बघायची त्याची नजर सोनाराची आहे. चाक काढलं, डिस्क उतरवली, उलटी सुलटी करून बघितली आणि मला विचारलं, "ही नवी?"

डिस्कच्या मधल्या टोपीवर चंदेरी रंग मारलेला. मामानं नखानं खरवडला तर खाली गंजाचे खड्डे, म्हणजे गंजावरच फवारा मारलेला. मग त्यानं बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला. आमच्या गाडीची डिस्क म्हणजे दोन चकत्या आणि मध्ये हवा खेळायला खाचा असतात तसली. त्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून खाली वर्तमानपत्र धरलं आणि ठोकलं, तर गंजाच्या खपल्या पडल्या, तपकिरी, नखाएवढ्या. दोन खाचांत मिळून मूठभर. "सव्वा महिन्यात एवढं व्हतंय व्हय रं?" वरून लेथवर तास काढून चकचकीत करता येतं, खाचांच्या आत लेथचं हत्यार पोचत नाही.

मग मायक्रोमीटरनं जाडी मोजली. कंपनी डिस्कवरच कमीत कमी जाडीचा आकडा उठवते, टोपीवर नाहीतर कडेला, गंज पुसून शोधावा लागतो. माझ्या डिस्कवर १५ मिमी होता, नवी १७ ची येते. मामाच्या मापात आली १४.३. म्हणजे गॅरेजला नेली तेव्हा डिस्क चांगली १५ च्या वर असणार, अजून बरीच चालली असती, आणि यांनी गंज आणि कड घालवायच्या नादात लेथवर फिरवून तिला लिमिटच्या खाली नेली. चांगली वस्तू खराब करायचे मी पैसे दिले. पातळ डिस्क लवकर तापते, तिची उष्णता ब्रेक फ्लुइडला, म्हणजे पेडलचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या तेलाला लागते, फ्लुइड माझं चार वर्षांचं जुनं, त्यात पाणी ओढलेलं, ते उकळायला लागलं की पेडल खाली जातं. जोतिबाच्या वळणावर नेमकं हेच झालं असणार, असं मामाचं म्हणणं.

थरथरीचं कारण अजून वेगळं. मी म्हटलं डिस्क वाकडी झाली असेल, तर मामा उखडला, "बीड हाय ते, पापड न्हवं वाकायला." हबवरचा, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागावरचा, गंज साफ न करताच डिस्क बसवलेली, त्यामुळं ती किंचित तिरकी बसून फिरत होती, आणि तशी फिरता फिरता एका ठिकाणी जास्त झिजून जाडी असमान झाली. आणि ते ६०० रुपयांचं कॅलिपर सर्व्हिस, तर कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या कोरड्या ठणठणीत, ग्रीसचा थेंब नाही, आतला पॅड बाहेरच्यापेक्षा दुप्पट झिजलेला. पॅड तेवढे नवे घातलेले, तेही बिननावाचे.

तरी माझ्या मनात शंका, की मग त्या फरशीवरच्या डिस्क कुणाच्या? मोबाईलमधला तो जुना फोटो मामाला दाखवला. त्यानं चष्मा वर केला, फोटो मोठा केला आणि बोटानं मोजायला लागला. एक, दोन, तीन, चार, पाच. मग काढलेल्या चाकाकडं बोट केलं. माझ्या गाडीला चाकाचे नट चार. फोटोतल्या डिस्कला भोकं पाच.

तसेच उठून गॅरेजला गेलो, मामा पायजमा-टोपीवर सोफ्यात जाऊन बसला. मालक आधी म्हणाले पोरानं चुकून दुसऱ्या गाडीच्या दाखवल्या असतील. मामा म्हणाला, "असू दे की. मग ह्याच्या कुठायत?" यावर उत्तर नव्हतं. पैसे मी यूपीआयनं दिलेले त्यामुळं ८,४५० ची नोंद होती, मी १९१५ या ग्राहक हेल्पलाईनचं नाव काढलं, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही हेही सांगितलं. थोडी बाचाबाची झाली. शेवटी डिस्कचे ५,२०० परत मिळाले, बाकीचे गेले ते गेले.

नव्या डिस्क मी स्वतः स्पेअरच्या दुकानातून पक्क्या बिलावर आणल्या, जोडी ३,९०० ला, पॅड १,३००, पेट्या बसवणाऱ्याच्या समोरच फोडल्या. तिथंच उभा राहिलो. हब पॉलिश पेपरनं घासला, नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरनं पुसलं, कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळत न सोडता तारेनं बांधला, पिनांना ग्रीस, फ्लुइड नवं. मग पहाटे मोकळ्या हायवेवर साठवरून पंधरावर असं वीसेक वेळा हळूहळू ब्रेक मारून नवे पॅड नव्या डिस्कवर रुळवले, मध्ये मध्ये थंड होऊ देत. तुम्ही घरी व्हर्नियरनं मोजणार असाल तर एक करा, व्हर्नियरचे जबडे कडेवर टेकतात आणि माप जास्त येतं, म्हणून दोन्ही बाजूंना एकेक नाणं धरून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. हे पण मामाचंच.

गॅरेजमधून निघताना मालक बाहेर गाडीपर्यंत आले, खांद्यावर हात टाकून म्हणाले, "दादा, झालं गेलं सोडा, तेवढा फोटो डिलीट मारा." हो म्हटलं. मारला नाही.