स्वस्त हिरवं लेझर मॉड्यूल: ५३२ घ्यावं की ५२०?

दोन्ही दिसायला सारखीच: १२ मिलिमीटर व्यासाची पितळी नळी, पुढे भिंग, मागून लाल-काळी वायर आणि चिकटवलेल्या कागदावर ‘५ मिलिवॅट’. एकावर ५३२ नॅनोमीटर लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ५२०. तरंगलांबीतला फरक किरकोळ वाटतो, पण आतली यंत्रणा पूर्णपणे वेगळी आहे, आणि कोणतं घ्यायचं हे त्या यंत्रणेवरच ठरतं.

५३२ मध्ये मुळात हिरवा डायोड नसतोच. आत ८०८ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड डायोड असतो. त्याचा उजेड निओडिमियम मिसळलेल्या व्हॅनेडेट स्फटिकात शिरतो, तिथून १०६४ नॅनोमीटरचा, म्हणजे पुन्हा इन्फ्रारेडच, प्रकाश निघतो. पुढचा केटीपी स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करतो, तेव्हा कुठे ५३२ चा हिरवा झोत मिळतो. ५२० मध्ये यातलं काहीच नाही. इंडियम गॅलियम नायट्राइडचा डायोड थेट हिरवा उजेड देतो.

५३२ च्या या तीन पायऱ्यांच्या कारखान्यात ८०८ आणि १०६४ चा काही भाग न वापरता उरतो. तो अडवायला पुढे इन्फ्रारेड फिल्टर लागतो, आणि स्वस्त मॉड्यूलमध्ये पैसे वाचवायची पहिली जागा तीच. अमेरिकेच्या एनआयएसटी या मापन संस्थेने २०१० मध्ये अशाच एका स्वस्त पॉइंटरची मोजणी प्रसिद्ध केली होती. १० मिलिवॅट म्हणून विकलेल्या त्या पॉइंटरचा हिरवा उजेड अंधुक होता, पण इन्फ्रारेड जवळजवळ २० मिलिवॅट बाहेर पडत होतं. धोका इथेच आहे. हिरवा झोत डोळ्यात गेला तर पापणी आपोआप मिटते. इन्फ्रारेड दिसतच नाही, तर मिटणार कशी? त्यात हिरव्या लेझरसाठी म्हणून मिळणारा लाल प्लास्टिकचा चष्मा हिरवा प्रकाश अडवतो आणि इन्फ्रारेड बहुधा सरळ आत सोडतो. ५३२ वर काम करायचं असेल तर ५३२, ८०८ आणि १०६४ या तिन्हींसाठी किती संरक्षण आहे हे छापलेलाच चष्मा हवा. तो मॉड्यूलच्या कितीतरी पट महाग पडतो, हेही हिशेबात धरा.

गळती घरी तपासता येते, त्याला जुनी सीडी पुरते. जाड पांढऱ्या कागदाला छोटं भोक पाडा, त्यातून झोत १० सेंटिमीटरवर समोर धरलेल्या सीडीवर सरळ पाडा. सीडीच्या रेघांमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर असतं, त्यामुळे परतलेल्या प्रकाशाचे ठिपके कागदावर भोकाच्या दोन्ही बाजूंना पडतात. पहिला हिरवा ठिपका भोकापासून सुमारे साडेतीन सेंटिमीटरवर, दुसरा नऊच्या जरा आत. आता हे ठिपके मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा. तो कॅमेरा टीव्हीच्या रिमोटची लुकलुक दाखवतो का, हे आधी बघून घ्या. दाखवत नसेल तर या कामाचा नाही. दोन हिरव्या ठिपक्यांच्या मध्ये, सहा सेंटिमीटरच्या अलीकडे, डोळ्याला न दिसणारा ठिपका कॅमेऱ्यात दिसला तर तो ८०८ आहे. ते मॉड्यूल परत करा.

१०६४ मात्र या चाचणीतून निसटतो. त्याची तरंगलांबी ५३२ च्या बरोबर दुप्पट, म्हणून त्याचा पहिला ठिपका हिरव्याच्या दुसऱ्या ठिपक्यावरच पडतो. शिवाय मोबाइलच्या कॅमेऱ्याला तो जेमतेम दिसतो. म्हणजे या चाचणीत नापास झालेलं मॉड्यूल नक्की वाईट, पण पास झालेलं नक्की चांगलं असं म्हणता येत नाही. ५२० घेतलं तर ही सगळी उस्तवार वाचते. माझ्या दृष्टीने निम्मा निर्णय इथेच झाला.

मिलिवॅट मोजायला बरेच जण बीपीडब्ल्यू३४ सारखा फोटोडायोड (उजेड पडला की वीजप्रवाह देणारा सिलिकॉनचा तुकडा) मल्टिमीटरला जोडतात. ५२० साठी हे ढोबळमानाने ठीक. ५३२ साठी आकडा फसवतो, कारण त्यातलं सिलिकॉन ८०८ ला हिरव्याच्या साधारण दुप्पट दाद देतं. फिल्टर नसलेलं मॉड्यूल अशा मोजणीत उलट जास्त ‘ताकदवान’ दिसतं.

मग ५३२ च्या बाजूने काय? झोत. तो गोल आणि बारीक असतो, साधारण एक मिलिरेडियन पसरतो. म्हणजे १०० मीटरवर ठिपका दहा सेंटिमीटरच्या आसपास. ५२० चा झोत लंबगोल आणि जरा फिसकटलेला. आकाशात तारा दाखवायचा असेल तर हा फरक नजरेत भरतो. तेवढ्याच ताकदीला ५३२ डोळ्याला सुमारे पाव पटीने जास्त तेजस्वी दिसतो हेही खरं, पण त्यासाठी कुणी निवड बदलू नये. शिवाय आकाशदर्शनाला आपण जातो थंडीत, आणि ५३२ ला नेमकं थंडीचं वावडं. आतल्या ८०८ च्या डायोडची तरंगलांबी दर अंशाला सुमारे ०.३ नॅनोमीटर सरकते आणि स्फटिक ती अरुंद पट्ट्यातच नीट शोषतो. डिसेंबरात भंडारदऱ्याला पहाटे पॉइंटर मलूल होतो तो बहुतेकदा बॅटरीमुळे नाही. खिशात धरून ऊब द्या, परत जागा होतो. (शेजारी कुणी फोटो काढत असेल तर कोणताही हिरवा लेझर लावण्याआधी विचारा. शिव्या खाल.)

बसवताना दोन्हींची पथ्यं थोडी वेगळी. आधी मॉड्यूल व्ही आकाराच्या खाचेत ठेवून गोल फिरवा आणि चार-पाच मीटरवरच्या भिंतीवरचा ठिपका बघा. तो जागच्या जागी राहण्याऐवजी मोठं वर्तुळ काढत असेल तर झोत नळीच्या अक्षाला तिरका आहे. म्हणून दुर्बिणीवर फाइंडरसारखं, म्हणजे नेम धरायला, बसवायचं तर दोन कड्या आणि प्रत्येकीत नायलॉनच्या टोकाचे तीन स्क्रू, अशी रचनाच सोयीची. सतत चालू ठेवायचं असेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यात १२ मिलिमीटरचं भोक, त्याला एका बाजूने चीर आणि आवळणारा स्क्रू. थेट नळीवर टेकणारा स्क्रू ५३२ ला नको; आत डिंकाने बसवलेले स्फटिक दाबाने हलले की हिरवा उजेड जातो. ५२० हे सहन करतं.

अनेक मॉड्यूलमध्ये पितळी नळीच पॉझिटिव्हला जोडलेली असते. मल्टिमीटरने आधी तपासा, नाहीतर निगेटिव्हला जोडलेल्या धातूच्या डब्यात बसवताच शॉर्ट. कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणारी, वीज न वाहू देणारी पातळ चिकटपट्टी) एक वेढा पुरतो. प्लास्टिकची जाड बाही घातली तर उष्णता अडकते. व्होल्टेजही बघा: ५३२ ची मॉड्यूल बरीचशी तीन व्होल्टची, ५२० ची बहुधा पाचची. मायक्रोकंट्रोलरवरून भराभर उघडझाप करायची असेल तर ५२०च, कारण स्फटिकांना स्थिरावायला वेळ लागतो.

फरशी किंवा शेल्फ लावायला रेषेचा लेझर, सुतारकामाची खूण, शाळेचा प्रकल्प, घरातला सेन्सर, या सगळ्याला ५२० घ्या. आकाश दाखवायला गोल झोत हवाच असेल, सीडीची चाचणी करायची तयारी असेल आणि विक्रेता परत घेत असेल, तरच ५३२. मुलं हाताळणार असतील तर तेव्हाही नको. आणि ५ मिलिवॅटच्या वर कशालाच जाऊ नका, विमानाच्या दिशेने तर कोणताच धरू नका. पुणे पोलिसांनी २०२४ च्या गणेशोत्सवात मिरवणुकीतल्या लेझर झोतांवर बंदी घातली ती डोळ्यांना झालेल्या इजांच्या तक्रारींनंतरच.