पॉप आर्ट कॅनव्हास, नऊ महिन्यांनंतर: वर्ख गेला, ओठ तसेच

दिवाळीत चार तारे दिले होते, ते आज दोन करतोय. पावसाळा लागला आणि चित्रातल्या पर्सचा सोनेरी वर्ख कोपऱ्यातून सुटला.

गेल्या दसऱ्याला सांगलीत विश्रामबागेतल्या नव्या फ्लॅटच्या हॉलसाठी हे चित्र मागवलं. गुलाबी पार्श्वभूमी, गॉगलवाली बाई, काचांत डॉलरची चिन्हं, हातात पर्स. ३,४९९ रुपये. एवढ्यात वर्षाची चटणी होते, हे आईने पार्सल फोडायच्या आधीच सांगितलं. साईज, वजन जाहिरातीत लिहिल्याप्रमाणेच, त्यात वेळ घालवत नाही. मुद्दा ओठांचा आहे.

ओठांचा लाल रंग रेषेच्या बाहेर आलाय. उजवीकडे, चांगला दोन सूत. सोफ्यावर बसलं की आधी तेच दिसतं. पहिल्याच दिवशी तक्रार केली, तर उत्तर आलं, "सर, पॉप आर्टमध्ये असंच असतं." हे वाक्य मी फ्लॅट घेतल्यापासून फरशीवाल्याकडून आणि प्लंबरकडूनही ऐकलंय.

म्हणून फोटो घेऊन खणभागातल्या लग्नपत्रिकावाल्या काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "रजिस्टर हललंय. कापडी जाळीतून एक रंग मारला, वाळवला, दुसऱ्या रंगाची जाळी बसवताना सरकली. माझ्याकडं पत्रिकेवरचा गणपती असा आला तर गिऱ्हाईक पैसं देत नाही."

मग चिडून वाचत बसलो, आणि इथे मत पलटलं. पॉप आर्ट, म्हणजे जाहिराती, डबे, नट्या यांची चित्रकला, गाजवणारा अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल १९६२ पासून आपल्या पत्रिकांसारखीच जाळी वापरून चित्रं छापायचा. त्याच्या मेरिलिन मन्रोच्या चित्रांत ओठांचा, पापण्यांचा रंग असाच सरकलेला, आणि तो त्याने तसाच ठेवला. कारखान्यातून निघालेल्या मालासारखं चित्र त्याला हवंच होतं. मुळात तो जाहिरातींसाठी बुटांची चित्रं काढणारा माणूस. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये त्याने सूपच्या डब्यांची ३२ चित्रं मांडली, प्रत्येकी १०० डॉलर. शेजारच्या एका दुकानदाराने खरे डबे रचून 'आमच्याकडे स्वस्त' अशी चेष्टा केली. तो दुकानदार आमच्या आईच्या माहेरचा असावा. शेवटी गॅलरीवाल्या अर्व्हिंग ब्लमने तोडून विकण्याऐवजी सगळा संच स्वतःच १,००० डॉलरला घेतला, तोही महिना १०० च्या हप्त्याने! हप्ता म्हटल्यावर मला ही मंडळी एकदम घरची वाटली. २०२२ मध्ये वॉरहॉलची एक मेरिलिन साडेएकोणीस कोटी डॉलरला गेली. ते ऐकून मी दोन सूत माफ केलं, चार तारे दिले आणि पाहुण्यांना ओठ मुद्दाम दाखवायला लागलो.

माझं व्याख्यान ऐकून साताऱ्याच्या साडूनेही तेच चित्र मागवलं. मे महिन्यात त्यांच्याकडे गेलो, तर ओठ दोन सूत बाहेर. उजवीकडेच. मेव्हणी चहा घेऊन आली तेव्हा मी टेप लावून मोजत होतो.

आता बोला. जाळी हाताने सरकते तेव्हा दर कागदावर वेगळी सरकते, काकांच्या रद्दीत तसे गणपती ढिगाने आहेत. इथे चूक आधीच कॉम्प्युटरवर बसवलेली आणि मशीनने सरसकट काढलेली. पेटीवर मात्र 'सिल्कस्क्रीन', म्हणजे जाळीची छपाई, असं ठसठशीत लिहिलंय. घरी येऊन भिंग लावलं, ओठांत चार रंगांचे बारीक ठिपके, म्हणजे मशीनचीच छपाई. चूकसुद्धा खोटी निघाली याचा मला वर्ख निघाल्यापेक्षा जास्त राग आहे. साडू म्हणतात, वॉरहॉलला हे आवडलं असतं. असेल, पण पैसे त्याने भरलेले नाहीत.

वर्खाबद्दल पाच मेल केले. उत्तर एकच: बदलायची मुदत दहा दिवस, पुढची झीज ग्राहकाची. मागची पुठ्ठ्याची पाठही ओल धरून फुगली होती, ती गणपती पेठेतल्या फ्रेमवाल्याने ३५० रुपयांत बदलून दिली. घेणारच असाल तर वर्खाशिवायचं घ्या, ते ६०० ने स्वस्त आहे.

पर्सचा सुटलेला कोपरा आईने सेलोटेपने चिकटवलाय. लांबून कळत नाही.